वरातीच्या टेम्पोतली बोटुकली

लग्नानंतर सिल्वासात राहायला आले तेव्हा समुद्राबरोबर माझी श्रद्धाही मागेच राहिली की काय, असं मला वाटायचं. माझं माहेर पालघरकडच्या किनाऱ्यावरचं, कोळ्यांचं, एकवीरा आईला मानणारं. इथे डोकमर्डीत फ्लॅट, यजमान गलोंडा गावातल्या कारखान्यात इंजिनिअर आणि मी खानवेलकडच्या एका शाळेत शिक्षिका. आईसमोर रोज दिवा लावत होते. पण ती ऐकते का, ही शंका काही केल्या मनातून जात नव्हती.

शाळेतल्या एका मुलीची आई, सविताबेन, मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी राहायची. तिथल्या बायकांनी गट करून पाण्यात जाळ्यांचे पिंजरे टाकले होते. त्यात लहान मासे सोडायचे, वाढवायचे आणि विकायचे, असा बेत होता. माझं माहेर कोळ्यांचं आहे हे कळल्यावर सविताबेन मला ओढूनच घेऊन गेली. मला समुद्रातली मासळी ठाऊक, गोड्या पाण्यातलं काय कळणार! तरी मी गेले, शिकले आणि त्यात रमले. आधी एकदा आणलेलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, वाटेतच मेलं होतं. या खेपेलाही तसंच झालं तर गट मोडणार आणि बायका पुन्हा पहाटे कारखान्यांच्या गाड्यांत उभ्या राहून जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या कारखान्यात जायच्या तेव्हा घरची पोरं शेजाऱ्यांच्या भरवशावर असत.

होळी होऊन गेली होती. बीजकेंद्रातून पिकअपमध्ये बोटुकली घेऊन आम्ही निघालो. बोटुकली म्हणजे बोटाएवढे मासे, पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. खानवेलच्या पुढच्या चढावर गाडी धूर सोडून बंद पडली. ऊन टोचत होतं, मोबाइलला रेंज नव्हती. ड्रायव्हर बॉनेटखाली डोकं घालून बसला. आम्ही पिशव्यांवर ओली गोणपाटं टाकली. एका पिशवीतले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले तेव्हा सविताबेन माझा हात धरून म्हणाली, "टीचर, या वेळी पण गेलं का?" डोळे मिटून मी मनात म्हटलं, आई, एक मेकॅनिक पाठव. फक्त एक मेकॅनिक.

आली ती वरात. सुरंगीहून निघालेला टेम्पो, मोठ्याने गाणी लावलेली, मागे नटलेली माणसं आणि मध्ये हळद लागलेला नवरदेव. आम्हाला बघून टेम्पो थांबला. नवरदेवाचे वडील खाली उतरले. "शुं थयुं, बेन?" काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. सविताबेनने सांगितलं. त्यांनी गोणपाट उचलून आत पाहिलं आणि मागे वळून हाक दिली, "उतरा रे सगळे. मासे जिवंत हायेत."

कुणी कुरकुर केली नाही. बाया साड्या सावरत उतरल्या आणि झाडाखाली बसल्या. पुरुषांनी हातोहात पिशव्या टेम्पोत चढवल्या. नवरदेवही उतरायला लागला तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "तू बस, पिशव्या धर. आडव्या होतील." तो मांडीवर एक पिशवी घेऊन बसला, तिच्याकडे टक लावून. मी म्हटलं, "दादा, मुहूर्त चुकेल." तो हसला. "नवरी जलाशयाकाठचीच हाय, टीचर. तिची आई तुमच्या गटातच हाय. मासे मेले तर मला घरात घेईल काय?" सविताबेन डोळे पुसता पुसता हसायला लागली. एका म्हातारीने टेम्पोवाल्याला गाणं बंद करायला लावलं. म्हणाली, लेकरं घाबरतील. ती माशांना लेकरं म्हणाली, हे ऐकून मला भरून आलं.

काठावर पोहोचलो तेव्हा सगळ्या बायका धावत आल्या. पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच सोडायचं. तेवढाही धीर कुणाला निघवेना. मग एकेका पिशवीचं तोंड उघडलं आणि चंदेरी रेघांसारखे मासे पिंजऱ्यात पसरले. काही मेलेही, पण थोडेच. बायका पाण्यात उभ्या राहून नाचत होत्या. टेम्पो वऱ्हाडाला आणायला माघारी गेला आणि उशिरा का होईना, लग्न लागलं.

आता त्या पिंजऱ्यांवर कितीतरी घरं चालतात. पोरांच्या ताटात मासा असतो, सिल्वासाचा व्यापारी काठावर येऊन माल नेतो. पिंजऱ्याभोवती सांडलेल्या खाण्यावर बाहेरचे छोटे मासे जमतात, त्यांच्यामागे बगळे आणि पाणकावळे येतात. गाळ वाढू नये म्हणून खाणं बेताने टाकायला सविताबेनच आता सगळ्यांना शिकवते.

योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी आईकडे मेकॅनिक मागितला होता आणि तिने अख्खं वऱ्हाड पाठवलं. तेव्हापासून दिवा लावताना काय पाठवायचं ते मी तिला सांगत नाही. अडचण सांगते, आणि हात जोडते.