वरून बघणारी जागृती

जागृती मेश्राम अमेरिकेत पिस्कॅटवेला राहते. वय चाळिशीच्या पुढे. मूळची नागपूरची. काम ड्रोन उडवण्याचं, आणि त्याचं सरकारी लायसन्स तिच्या पाकिटात असतं. वादळ होऊन गेलं की घरांची छपरं वरून तपासायची, कुठे उखडलं, कुठे फाटलं त्याचे फोटो काढायचे, हे तिने बरीच वर्षं केलं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या कंपनीने ते काम दुसऱ्या राज्यातल्या लोकांकडे दिलं.

आमची ओळख ऑक्टोबरात झाली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरायला थोडेच जण उरले. जागृती होती. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. मी जन्मभर वेल्डिंग केलं आहे. खुर्च्या उचलणाऱ्याशी मी बोलतो.

"काका, तुम्ही आता काय करता?" तिने विचारलं.

"शशिकांतच्या बोटीवर दोर आणि नांगर बघतो. लोकांना मासेमारीला नेतो आम्ही."

"मासे शोधता कसे?"

"शशिकांत शोधतो. डोळ्यांनी."

"मी वरून शोधून देईन. विचारा त्यांना."

शशिकांत मुरूडचा. उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आता मॅनस्क्वानच्या बंदरातून स्वतःची बोट चालवतो. शरद ऋतूत इथल्या किनाऱ्यालगत बंकर नावाच्या तेलकट माशांचे थवे जातात. त्यांना खायला स्ट्रायपर येतो, तो मोठा, अंगावर काळे पट्टे. गिऱ्हाईक स्ट्रायपरसाठी येतं. बंकर सापडला तर त्याच्या खाली स्ट्रायपर असण्याची शक्यता. गेल्या दोन सीझनमध्ये शशिकांतला बंकरच नीट सापडला नव्हता. लोक रिकाम्या हाताने उतरत होते आणि पुन्हा फोन करत नव्हते.

त्याने जागृतीला धक्क्यावर बोलावलं. तिच्या हातातली पेटी पाहिली.

"दोन फेऱ्या," तो म्हणाला. "मासा दाखवलास तर सीझनभर पगारावर ठेवतो. नाही दाखवलास तर तुझं हेलिकॉप्टर घेऊन घरी."

"चालेल, काका."

चालत्या बोटीवरून ड्रोन उडवणं सोपं नाही. डेकवर ठेवून उडवला तर तो दोरात अडकतो. जागृती तो हातातून सोडते आणि हातातच पकडते, जाड हातमोजे घालून. घरी परत ये म्हटलं की हे यंत्र जिथून उडालं तिथे जातं, आणि बोट तोवर पुढे गेलेली असते. त्यामुळे तिला सगळं हाताने करावं लागतं. बोट हलते, ती गुडघे वाकवून उभी राहते, डोळे पडद्यावर. काम बघण्यासारखं होतं.

पहिल्या फेरीत शशिकांतने लांबवर पाण्यावर काळा डाग पाहिला.

"बंकर," तो म्हणाला. "जागृती, आहे ना?"

तिने ड्रोन तिकडे नेला. पडद्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"असू शकेल, काका."

आम्ही इंजिन पूर्ण ताकदीने चालवत तिथे गेलो. पाणी साधं होतं. काळा डाग पुढे सरकला होता. आम्ही पुन्हा मागे लागलो. दुपारपर्यंत हेच चाललं. गिऱ्हाइकांपैकी एकजण शेवटी झोपला.

संध्याकाळी धक्क्यावर मी डेक धूत होतो. शशिकांतने तिचा टॅब्लेट मागितला आणि चित्रीकरण पाहिलं. वरून बघितल्यावर त्यालाही कळलं. डागाचा आकार बदलत नव्हता आणि तो वाऱ्याच्या दिशेने सरकत होता. ढगाची सावली.

"हे तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बंकर म्हणालात ना."

"म्हणून?"

शशिकांतने टॅब्लेट तिच्या हातात दिला.

"मला वरचं दिसत असतं तर तुला आणलं असतं का? काका, काका करून अर्धी टाकी डिझेल जाळलंस यार. घरी गेल्यावर पाया पड हवं तर. बोटीवर दिसतं ते सांग."

"माझ्या आईने ऐकलं तर म्हणेल, मोठ्यांना तोंडावर खोटं पाडतेस."

"आई बोटीवर आहे का?"

"नाही."

"एक फेरी उरली आहे," शशिकांत म्हणाला आणि गाडीकडे गेला.

जागृती माझ्याजवळ आली. मला वाटलं धीर मागेल. तिने ब्रश मागितला आणि डेकची दुसरी बाजू घासली.

दुसऱ्या फेरीला डॉक्टर नरेंद्र आणि त्यांचे तीन मित्र होते. सगळे निवृत्त, सगळ्यांचे रॉड नवे. सकाळ अशीच गेली. मग समोर, खुल्या समुद्राकडे, सीगल पाण्यावर तुटून पडताना दिसले. डॉक्टर उठून उभे राहिले.

"चला," शशिकांत म्हणाला आणि बोट वळवू लागला.

"नाही, काका," जागृती म्हणाली.

डॉक्टरांनी शशिकांतच्या खांद्याला हात लावला. "ती नाही म्हणतेय."

"ऐकलं मी."

"तिथे बोटाएवढा मासा आहे," जागृती म्हणाली. "खाली मोठं काही नाही. मागे वळा. किनाऱ्याजवळ, वाळूच्या उंचवट्यापाशी."

"आपण तिथूनच आलो."

"आलो तेव्हा नव्हता. आता आहे."

"बोट घेतल्यापासून मी पक्ष्यांच्या मागे जातोय. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?"

"पक्ष्यांना बोटाएवढा पुरतो. डॉक्टर काकांना पुरणार आहे का?"

"मला नाही पुरणार," डॉक्टर म्हणाले.

शशिकांतचा हात चाकावर होता. ती चुकली असती तर तिचं काम तिथेच संपलं असतं, आणि हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिने मान पडद्यावरून वर केली नाही. आवाजही चढवला नाही. शशिकांतने बोट मागे वळवली.

मागे एकही पक्षी नव्हता. डॉक्टरांचे मित्र सीगलकडे बघत राहिले.

"कॅप्टन, आज बोट कोण चालवतंय?" एकाने विचारलं.

"मी फक्त चाक धरलंय."

वाटेत बॅटरी संपत आली. जागृतीने ड्रोन खाली घेतला, हलत्या बोटीवर पकडला, बॅटरी बदलली, पुन्हा सोडला. हे सगळं होईपर्यंत तिला खालचं काही दिसत नव्हतं.

"तेवढ्यात निघून गेले असतील," शशिकांत म्हणाला.

"जागा सोडली असेल. उत्तरेकडे सरकत होते. मी पुढे बघते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "डावीकडे. हळू. अजून. इंजिन बंद."

त्याने बंद केलं. मी तिच्या मागे जाऊन पडदा पाहिला. पाण्यात काळपट थवा होता, फुटबॉलच्या मैदानाएवढा, आणि त्याच्या कडा सतत हलत होत्या. मध्येच थव्यात फिकट भोक पडायचं, मिटायचं, दुसरीकडे पडायचं. बंकर बाजूला पळत होता. खालून त्याला कोणीतरी खात होतं. पडद्यावरून नजर काढून समुद्राकडे पाहिलं तर काहीच नव्हतं. सपाट हिरवं पाणी.

"डॉक्टर काका, बोटीच्या नाकासमोर. लांब. आता."

डॉक्टरांनी गळ फेकला. काही नाही.

"पुन्हा. थोडं उजवीकडे."

रॉड वाकला. डॉक्टरांचा एक पाय घसरला, मी त्यांना पट्ट्याला धरून उभं केलं. मासा वर यायला खूप वेळ लागला. मापापेक्षा मोठा निघाला, म्हणून नियमाप्रमाणे सोडावा लागला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, शेपूट मारून तो स्वतः निघेपर्यंत. त्यानंतर चौघांनाही मासा लागला. एक मापात बसला, तो ठेवला.

मधल्या वेळात शशिकांत एकदाच बोलला. "तिकडे जाऊ का?" त्याने विचारलं, आणि जागृती म्हणाली, "नको. इथेच."

धक्क्याला लागल्यावर लोक उतरले. मी पाइप लावून डेक धुवायला घेतला. शशिकांत आला.

"शनिवारी पहाटे पाचला ये," तो जागृतीला म्हणाला.

"साडेआठला निघू."

"मासा पहाटे खातो."

"पहाटे ऊन तिरपं असतं, काका. पाणी चमकतं. मला खालचं दिसत नाही."

"गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"पहिल्या दिवशी कुरकुर करतील."

मी पाइप बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"आठ," शशिकांत म्हणाला.

"साडेआठ."

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"बरं. डबा घेऊन ये. मधे जेवायला थांबणार नाही."

तो सीझन आम्ही नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्याही पुढे नेला. निघायचो साडेआठला.