सरांच्या वाट्याची ओळ

जिंकणाऱ्या शाळेत कप साठतात आणि हरणाऱ्या शाळेत किस्से! आमच्या हायस्कूलच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आज घडीला दोन ढाली, एक कान तुटलेला कप आणि शिपायाचा जेवणाचा डबा आहे. किस्से मात्र विचारू नका. एक सांगायला बसावं तर मागून चार येतात, आणि सगळे हरल्याचेच.

माझं शिवणकामाचं दुकान शाळेच्या मैदानासमोर आहे. म्हणजे होतं. दुकान आहे, मैदान नाही. तिथे आता गाळे आहेत. पंचवीस वर्षं टीमचे ड्रेस मीच शिवले. त्यामुळे कोणाची छाती किती आणि कोणाची हिंमत किती, दोन्ही मापं माझ्याकडे आहेत. गावात मला सगळे अक्का म्हणतात, माझ्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

आमचं गाव गिरणाकाठचं, भडगावपासून एसटीनं अर्धा तास. संध्याकाळी माझ्या ओट्यावर तीन जण ठरलेले. एक निकम सर, शाळेचे पी.टी.चे शिक्षक. दुसरे नाना, सत्तरीचे, जुन्या खो-खो टीमचे कॅप्टन. तिसरा नामदेव पेंटर, जो दुकानाच्या पाटीपासून बैलाच्या शिंगापर्यंत काहीही रंगवतो.

आणि शाळेची एक रीत. जिल्हा जिंकला की गेटजवळच्या भिंतीवर त्या टीमची एक ओळ ऑइल पेंटनं लिहायची. टीम एसटीतून उतरली की घरी जायचं नाही, आधी भिंतीपाशी. कॅप्टननं ओळीला बोट लावायचं, मग नारळ फोडायचा. नानांचा त्यात फार कडक नियम: "ओळ ओली पाहिजे! बोटले रंग लागना पाहिजे!" म्हणून टीम जळगावहून निघाली की इकडे नामदेवनं ब्रश उचलायचा.

भिंतीवर चार ओळी होत्या. पहिली नानांची. चारही निकम सर यायच्या आधीच्या. खाली नामदेवनं पाचवीसाठी पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. दर उन्हाळ्यात त्या पुसट व्हायच्या, दर जूनमध्ये तो परत मारायचा. अशा तीस वर्षं मारल्या.

*

सरांच्या पहिल्या मुलींच्या टीममध्ये मी होते. त्या वर्षी चमत्कार झाला. जिल्ह्याच्या पहिल्या मॅचला समोरची टीम आलीच नाही. आम्ही पुढे. दुसऱ्या मॅचला समोरच्या टीमच्या सात मुलींना गोवर! आम्ही पुढे. सेमीफायनलला समोरच्या टीमची बस सोनगीरजवळ बंद पडली. आम्ही फायनलला, आणि अंगाला अजून माती लागलेली नाही!

नाना हरखून म्हणाले, "सर, आतेच ओळ लिखी टाका. फायनलले पोहोचनूत, हे का कमी शे?"

सर म्हणाले, "न खेळता मिळालेलं भिंतीवर जात नाही, नाना."

फायनल आठ मिनिटांत संपली. त्यातली दोन मिनिटं माझ्या केसांची पिन शोधण्यात गेली.

*

सोनगीरवरून आठवलं. तिथल्या एका मंडळानं आमच्या मुलांच्या कबड्डी टीमला बोलावलं होतं. सकाळी दहाला टीम पोहोचली. मंडळी एवढी प्रेमळ की विचारू नका. "आधी जेवा, खेळ कुठं पळून जातो?" वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा, वर शेवभाजी. आमची मुलं शाळेच्या सहलीला आल्यासारखी जेवली.

मॅच सुरू झाली. पहिला गडी चढाईला गेला, "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता मध्येच ढेकर! दम तुटला, बाद. दुसरा गेला, तोही ढेकर देऊन परत. समोरची मुलं? त्यांनी सकाळपासून फक्त लिंबूपाणी घेतलं होतं.

परत येताना एसटीत नाना म्हणाले, "आपण मैदानमा नही, पंगतमा हारनूत."

सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "भरीत चांगलं होतं."

*

एकदा एसटीचा संप होता. टीमला रावेरला न्यायचं कसं? सरांच्या ओळखीचा एक केळीचा ट्रक तिकडे रिकामा चालला होता. मुलं मागे बसली. मी शिवलेले पांढरेशुभ्र नवे ड्रेस, आणि ट्रकमध्ये केळीचा ताजा चीक! केळीचा डाग म्हणजे काय ते आमच्या भागातल्या बाईला विचारा. कापड फाटेल पण डाग जाणार नाही.

उतरल्यावर पंच म्हणाले, "हा गणवेश नाही. एकसारखा पाहिजे."

आमचा एक पोरगा पुढे होऊन म्हणाला, "सर, डाग बठ्ठास्ले शेतस. मंग एकसारखाच व्हयना ना!"

डाग सगळ्यांनाच होते, हे खरंच; पंच हसले आणि खेळू दिलं. पहिल्याच फेरीत हरलो. डाग अजून आहेत, ते ड्रेस मी दुकानात मशीन पुसायला वापरते.

*

मग सरांचं शेवटचं वर्ष आलं. मे महिन्यात रिटायर, आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही हे ठरलेलं. त्यातच संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय निघाला: मैदानावर गाळे काढायचे.

सर उभे राहिले आणि म्हणाले, "मुलं खेळणार कुठे?"

अध्यक्ष म्हणाले, "सर, रागावू नका. तीस वर्षांत भिंतीवर तुमची एक ओळ नाही. मैदान करायचंय काय?" आणि मग सगळ्यांदेखत बोलून गेले, "या वर्षी जिल्हा आणा. एक ओळ आणा. गाळे रद्द! माझा शब्द."

अध्यक्षांनी तो शब्द हसण्यावारी दिला होता. सरांनी तो खरा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मैदानावर शिट्टी वाजली. मुलींची खो-खो टीम, कॅप्टन कोमल, दहावीतली, पायात वारं भरलेली पोर. तिचे वडील म्हणत, दहावीचं वर्ष आहे, क्लास आहे. सर स्वतः घरी गेले. काय बोलले माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून वडीलच तिला सायकलवर सोडायला यायला लागले.

देवाशपथ सांगते, त्या तीन महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकू शकतो. आणि असं वाटणं किती वाईट असतं ते हरायची सवय असलेल्यालाच कळेल.

*

जळगावला फायनल. नाना टीमबरोबर गेले, मी आणि नामदेव भिंतीपाशी. दुपारी तीनला फोन वाजला. नानांचा आवाज फाटलेला: "अक्का! जिंकनूत! एक गुणनी जिंकनूत! कोमलनं शेवटला सूर मारा—" आणि फोन बंद. नानांच्या मोबाईलची बॅटरी म्हणजे दिवसातून एकदाच बोलणार.

मी ओट्यावर बसून रडले. मग उठले आणि नामदेवला म्हटलं, "लिही!"

नामदेवनं ब्रश उचलला. तीस वर्षं रेघा मारल्या होत्या, आता अक्षरं. 'जिल्हा विजेते. मुली, खो-खो. कर्णधार कोमल. मार्गदर्शक निकम सर.' एवढी सुंदर ओळ त्यानं आयुष्यात काढली नसेल. बघता बघता गाव जमलं. हलगीवाले आले, पेढे आले. अध्यक्षसुद्धा शाल घेऊन आले!

सहाची एसटी आली. हलगी कडाडली. दारातून मुली उतरल्या, रडत होत्या. आम्ही म्हटलं, आनंदाचे अश्रू! कोणीतरी कोमलला उचललं, गुलाल टाकला, भिंतीपाशी आणलं. "बोट लाव! बोट लाव!" सगळे ओरडतायत. पोर हात मागे घेत होती.

शेवटी सर उतरले. त्यांनी ओळ बघितली. हलगीवाल्याच्या हलगीवर हात ठेवला. हलगी थांबली.

"आपण हरलोय," सर म्हणाले.

*

काय झालं ते मला नंतर कोमलनं सांगितलं. शेवटची पाळी आमची, आपल्या मुली पाठलाग करणार. दोघांचे गुण सारखे. शेवटच्या क्षणी खांबाजवळ कोमलनं सूर मारला, पंचांनी समोरची मुलगी बाद दिली, वेळ संपली. आपण एका गुणानं जिंकलो. नानांनी फोन लावला तो तेव्हा.

सर कोमलकडे गेले. सगळ्या नाचत होत्या, ही एकटी खाली बघत होती.

"हात लागला का गं?"

"नाही लागला, सर."

सर पंचांच्या टेबलापाशी गेले. पंच चिडून म्हणाले, "अहो, मी दिलाय निर्णय! तुमचं काय दुखतंय?" सर म्हणाले, "मुलगी स्वतः सांगतेय." गुण काढला. बरोबरी झाली. जादा डाव झाला. मुलींच्या अंगात काही उरलं नव्हतं, दोन गुणांनी हरल्या.

दोन तासांच्या परतीच्या प्रवासात नानांना भिंत आठवत नव्हती असं नाही. फोन बंद पडला होता की त्यांनी बंद ठेवला होता, हे मी आजवर विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी सर नामदेवला एवढंच म्हणाले, "पुसून टाका."

"सर, ऑइल पेंट शे. तो पुसाव नही."

"मग चुना मारा."

नामदेवनं रडत रडत चुना मारला. पेढे वाटायचे की नाही, कोणालाच कळेना. शेवटी वाटले. नासले असते.

मी सरांशी पंधरा दिवस बोलले नाही. खरं सांगते, माझं डोकंच फिरलं होतं. अरे, तीस वर्षांत एकदा पंच चुकला, तोही आपल्या बाजूनं! एवढं झाकून नेता आलं नाही माणसाला? मैदान गेलं, पोरींची मेहनत गेली, हाती काय राहिलं? ओट्यावर यायचे, बसायचे, मी मशीन चालवत राहायचे. सोळाव्या दिवशी त्यांनी फाटलेली बाही पुढे केली. मी शिवून दिली. झालं.

*

सर मे महिन्यात रिटायर झाले. दिवाळीनंतर गाळ्यांचं काम ठरलं. सोमवारी जेसीबी येणार, आधी भिंत पाडणार.

पण मधल्या पावसाळ्यानं एक घोटाळा केला होता. ऑइल पेंटवरचा चुना तो, धरणार किती? खपल्या धरून पडला आणि आतली ओळ जशीच्या तशी वर आली. शनिवारी कोणीतरी तिचा फोटो काढून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला: 'निकम सरांच्या टीमनं जिल्हा जिंकला होता. ती भिंत पाडताय?' झालं! पुण्याहून फोन, सुरतेहून फोन, नाशिकला साहेब झालेल्या पोराचा फोन. अध्यक्ष पार गांगरले. एवढ्या पोरांना खरं काय ते सांगायचं कोणी? शब्द तर त्यांनीच दिला होता. रविवारी सकाळी ते नानांना म्हणाले, "सोमवारचं काम थांबवू का? परत मीटिंग घेऊ."

नाना पळत ओट्यावर आले. "अक्का, वाची जाई! मैदान वाची जाई! फक्त कोणी तोंड उघडू नका!"

मी म्हटलं, कोण उघडतंय!

दुपारी मी दुकानातून बघते तर भिंतीपाशी निकम सर. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चुन्याची बादली. मी चप्पल न घालता पळाले. नामदेव आधीच पोहोचला होता. "सर, राहू द्या ना," तो हात जोडून म्हणत होता, "लोके मानी ऱ्हायनात. आपण कुठे काय बोलनूत?"

सर चुना ढवळत होते.

तेवढ्यात क्लासला चाललेली कोमल सायकलवरून उतरली. तिनं ओळीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मला वाटलं, हिचं तरी ऐकतील. "कोमल, सांग गं सरांना!" मी ओरडले.

कोमलनं सायकल भिंतीला लावली आणि बादली धरली.

सरांनी ब्रश बुडवला. आधी स्वतःच्या नावावर मारला, मग तिच्या, मग उरलेल्या ओळीवर. मी आणि नामदेव बघत उभे. मागून आलेले नाना तर खालीच बसले होते. ओळ संपल्यावर सर दोन पावलं मागे आले, डोळे बारीक करून बघितलं. चुन्याखालून 'विजेते' अजून दिसत होतं.

"एका हातात झाकत नाही," सर म्हणाले. "वाळू दे, कोमल. दुसरा मारू."