शमीमआपाला शीर सापडायची

शमीमआपा आज सकाळी दापोलीत गेली, आणि मला रडू येत नाहीये.
संताप येतोय.

रियाधच्या मलाझ भागात एका हॉस्पिटलात आम्ही अकरा वर्षं एकाच वॉर्डात नर्स होतो. मी नाशिकची, ती दापोलीची.

पेशंटची शीर सापडेना, की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, आपाला बोलवा. ती दोन बोटांनी मनगट चाचपायची आणि एका टोचण्यात काम व्हायचं.

मग सौदायझेशन आलं, म्हणजे परदेशी माणसं काढून तिथे सौदी माणसं घ्यायची. दोन सौदी मुली तिच्या हाताखाली दिल्या. आपली जागा जाणार हे माहीत असूनही आपाने त्यांना सगळं शिकवलं. सहा महिन्यांनी एचआरने सांगितलं, खलास. निघायच्या दिवशी त्याच मुली तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आपल्या लोकांवर आहे.

आपाने नर्सिंग शेजारच्या राज्यात केलं, सीट तिथे मिळाली म्हणून. नोंदणीही तिथलीच. रियाधमध्ये सौदी लायसन्स सोडून कुणी काही विचारत नाही, म्हणून ती रिन्यू करायची राहून गेली. आम्ही सगळ्याच हा गाढवपणा करतो.

परतल्यावर तिने महाराष्ट्रात नोंदणी मागितली. इकडचं ऑफिस म्हणे, तिकडून एनओसी आणा. तिकडचं म्हणे, आधी रिन्यू करा, मधल्या वर्षांचा पुरावा द्या. पुरावा दिला, तर म्हणे शिक्का अरबीत आहे.

दोन वर्षं हेच.

तोवर ही बाई एका दवाखान्यात केसपेपर लिहीत बसायची. सुईला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. मला फोनवर म्हणाली, "हात शिवशिवतात गो."

अहो, रियाधच्या हॉस्पिटलाला चालली ती! राज्याची हद्द ओलांडली की बाईचे हात बदलतात का?

परवा छातीत दुखलं म्हणून तिला ॲडमिट केलं. पुढचं तिची मुलगी सना मघाशी फोनवर सांगत होती. नर्स नवी होती. चार वेळा टोचलं तरी शीर मिळेना, पोर रडकुंडीला आली. आपाने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला, त्या पोरीचं बोट धरून आपल्याच मनगटावर ठेवलं.

"इथे. घाबरू नको."

पाचव्या टोचण्यात सलाईन लागलं.

पोरीने विचारलं, "तुम्ही नर्स आहात का?"

आपा म्हणाली, "कागद आला की होईन."

आपा, कागद नाही आला.
तू नर्सच होतीस. जा आता, शांत झोप.