दगुनानांचा जुना डोळा

दगुनाना गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी माझ्या वीटभट्टीवर होते. फोन यमुनामावशींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. ‘ताई, नाना गेले,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, ‘आग कुठवर आलीये?’ मी सांगितलं, पश्चिमेच्या वळणावर आहे. ‘मग हातातलं उरकून या. त्यांना त्याचं वाईट नाय वाटायचं.’ नवऱ्याला समोर निजवलेलं आणि ही बाई आगीची चौकशी करतेय, हे बाहेरच्या माणसाला विचित्रच वाटेल. पण त्या घरात उभ्या संसारात फोनवरचा पहिला प्रश्न हाच होता. लेक बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हाही नानांनी आधी आग कुठवर आली ते विचारलं होतं, असं मावशीच सांगतात. मी आग सांभाळणाऱ्या सोमनाथला चार गोष्टी सांगितल्या आणि देवळ्याहून निघून दुपारी पेठ रोडला त्यांच्या घरी पोचले. नानांच्या पायाशी बसले. रडू आलं नाही... का आलं नाही ते मला कळलं नाही, आणि त्याची लाजही वाटली.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. नाना कोण होते हे सांगायला बसले की माझी पंचाईत होते. ते वीटभट्ट्या बांधायचे. शिक्षण सातवीपर्यंत. पण ‘बांधायचे’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गवंडी येतो, आणि नाना गवंडी नव्हते. आमच्या भट्टीवर पूर्वी उघड्यावर विटा रचून, मधे कोळसा-भुसा घालून पेटवायची पद्धत होती. आतल्या विटा एकमेकींना चिकटून खंगर व्हायच्या, बाहेरच्या पिवळट, कच्च्या राहायच्या, आणि मधल्या तेवढ्या घर बांधण्यालायक. धूर तर असा की आजूबाजूचे कांदेवाले आमचं तोंड बघायचे नाहीत. ती पद्धत बंद करायची ठरली तेव्हा मी एका सल्लागाराकडून नव्या भट्टीचा नकाशा करून घेतला आणि मोठ्या तोऱ्यात नानांपुढे पसरला. माझा स्थापत्याचा डिप्लोमा आहे, हे मी तेव्हा कुणालाही पाच मिनिटांच्या आत सांगत असे. नानांनी नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ह्याच्यात हवा कुठून जाती?’ मी भिंती दाखवू लागले. ‘भितीचं नाय म्हनत मी. भिती कोनीबी बांधील. मधल्या फटी कोन बांधनार?’

त्याचा अर्थ मला महिन्याभरानं त्यांच्या स्वयंपाकघरात कळला. नानांनी अंगाच्या साबणाच्या वड्यांचे बारके तुकडे करून एका परातीत विटांसारखे रचले होते. वर काच ठेवली होती, ती घरातल्या एका फोटोची चौकट मोडून घेतलेली. एका टोकाला उदबत्ती, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरातला चिमुकला पंखा. पंखा सुरू झाला आणि उदबत्तीचा धूर त्या तुकड्यांमधून नागमोडी चालत निघाला. डावीकडे भिंतीला टेकला, वळला, उजवीकडे गेला, पुन्हा वळला. एका कोपऱ्यात मात्र तो रेंगाळला. नानांनी काच उचलली, एक तुकडा नखभर सरकवला, काच ठेवली. धूर सुटला. ‘हितं वीट कच्ची राहिली आसती,’ ते म्हणाले. मावशी मागून म्हणाल्या, ‘तीन आठवडे झाले, परातीत पीठ नाय मळलं मी.’ मी हसले खरी, पण घरी जाताना नकाशा गाडीच्या मागच्या सीटवर टाकला आणि पुन्हा उघडला नाही.

मग भट्टी उभी राहिली. लांबट गोल, मधे धुराडं. तिच्यात विटा जागच्या जागी असतात आणि आगच चालते. पुढच्या विटा आगीच्या धुरानं तापत जातात, मागच्या निवता निवता आत येणारी हवा तापवतात, आणि आग रोज थोडी थोडी पुढे सरकत फेरी पूर्ण करते. एकदा पेटवली की हंगामभर विझत नाही. हे मी आता सहज लिहितेय, पण पहिल्यांदा वर उभी राहिले आणि पायाखालून आग चालली आहे हे कळलं तेव्हा मी खरंच एक पाऊल मागे घेतलं होतं. बांधताना आतली भिंत नानांनी चिखलात जोडली. मी सिमेंटचा हट्ट धरला, डिप्लोमा पुढे केला. नानांनी वाद घातला नाही. ‘दोन हात भित तुमच्या मनासारखी करू,’ म्हणाले. पहिला हंगाम संपल्यावर आत उतरून पाहिलं तर तेवढे दोन हात तडकून सुटले होते, बाकीची भिंत जशीच्या तशी. तापल्यावर तिला फुगायला जागा म्हणून ठिकठिकाणी फटी ठेवून त्यांत वाळू भरली होती, तीही तशीच. नानांनी चिखल कालवला आणि माझी भिंत परत बांधली. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

विटा उत्तम निघू लागल्या. पण त्या उत्तम निघत होत्या त्या नानांच्या डोळ्यावर. भट्टीच्या माथ्यावर कोळसा टाकायची भोकं असतात, त्यांवर लोखंडी झाकणं. नाना झाकण सरकवून आत बघायचे आणि म्हणायचे, ‘झालं.’ की आग पुढे न्यायची. आमच्याकडे तापमान मोजायचं यंत्र होतं. पण ते एका जागेचा, एका क्षणाचा आकडा सांगायचं. वीट तासन् तास भाजत असते, आणि वरची एका तऱ्हेनं, खालची दुसऱ्या तऱ्हेनं भाजते. शिवाय त्याची तार दर दोन-तीन महिन्यांनी जळायची. नानांचं ‘झालं’ मात्र कधी चुकलं नाही. आगीकडे असं वर्षानुवर्षं बघणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पिकतो, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीच्या आधी नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं ते हंगाम सुरू करून द्यायला आले, खुशीत होते. मला म्हणाले, ‘ताई, तुमचे केस पिकल्यात की. मला ठावंच नव्हतं.’

त्या पहिल्या खेपेच्या विटा निघाल्या त्या पिवळ्या. थोड्याथोडक्या नाहीत, सगळ्याच. नानांनी दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाजाऐवजी मडकं फुटावं तसा बद्द आवाज आला. त्या खाली ठेवून ते माथ्यावर चढले, पेटत्या भोकाचं झाकण सरकवलं, एक डोळा तळहातानं झाकून आत पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. असं चार-पाचदा केलं. ‘ताई, मला दोन आगी दिसत्यात,’ ते म्हणाले. ऑपरेशन न झालेल्या जुन्या डोळ्यातून केशरी, नव्यातून जवळजवळ पांढरी. जुन्या डोळ्यात वर्षानुवर्षं पिवळेपणा साठत गेला होता आणि नाना त्या पिवळ्या काचेतून आग ओळखायला शिकले होते. काच काढल्यावर तीच आग त्यांना आधीच पिकलेली दिसली, आणि त्यांनी लवकर ‘झालं’ म्हटलं.

मला तर कारण सापडल्याचं समाधान झालं. मी म्हटलं, ‘नाना, सोपं आहे. सध्या जुन्याच डोळ्यानं बघा, हळूहळू नव्याला सवय होईल.’ नानांनी नकारार्थी मान हलवली. ‘डोळ्याचं नाय हे. भट्टी चुकली. माझ्या डोळ्यावर चालती, म्हंजे मी ती अर्धीच बांधली.’ मला राग आला. तालुक्यात अशी भट्टी नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘माझ्यामागं काय करशाल?’

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही पिकत चालला होता. डॉक्टरांनी लवकर या म्हणून बजावलं होतं, फार कडक झाला तर काढायला अवघड जाईल. नाना गेले नाहीत. खरी आग ओळखणारा तेवढा एकच डोळा जगात उरला होता, आणि तो रोज थोडा थोडा धूसर होत होता. तो जायच्या आत त्याला जे कळत होतं ते दुसऱ्या कशात तरी उतरवून ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. कशात, ते मला कळेना. एक दिवस घरी गेले तर मावशी खलबत्त्यात बांगड्यांच्या काचा कुटत बसलेल्या. बांगडीवाल्याकडून फुटक्या बांगड्यांची पोतडी आणली होती. ‘म्हातारपनी बांगड्या फोडायला लावल्या बघा, आन् सोता जित्ते बसल्यात समोर,’ त्या म्हणाल्या. नाना खाली मान घालून हसत होते आणि चिखलात तो चुरा मिसळून बोटभर लांबीच्या काड्या वळत होते. आकारानं घेवड्याच्या शेंगा. काच अधिक तर शेंग आगीत लवकर मऊ पडून वाकणार, कमी तर उशिरा. प्रत्येक मिश्रणाच्या शेंगेवर नखानं रेघा ओढलेल्या, एक रेघ, दोन रेघा, अशा सात रेघांपर्यंत; रेघा वाढतील तशी काच कमी. जुना डोळा ज्या घटकेला ‘झालं’ म्हणेल, नेमक्या त्याच घटकेला मान टाकणारी शेंग त्यांना हवी होती.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हे चाललं. भट्टी रचताना विटांच्या मधे, भोकातून दिसतील अशा बेतानं, वर, कमरेला आणि तळाशी शेंगा तिरप्या रोवून ठेवायच्या. आग आली की नाना नव्या डोळ्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. ते ‘झालं’ म्हणाले की सोमनाथनं बघायचं, कोण वाकलंय. कधी सगळ्या वाकलेल्या असायच्या, कधी एकही नाही. नाना घरी जाऊन पुन्हा चिखल मळायचे. पुढे पुढे तर त्यांना आगीच्या कडा दिसेनाशा झाल्या. मी काळजीनं विचारायची, ते म्हणायचे, ‘रंग दिसतोय आजून. तेवढा पुरं.’ पण भोकाशी ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहायला लागले होते, हे मी पाहत होते. आणखी थोडे दिवस टिक, म्हणून मी मनातल्या मनात त्या डोळ्याला विनवत होते. उगाच कशाला लपवू?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते ‘झालं’ म्हणाले आणि सोमनाथ म्हणाला, ‘पाच रेघांपर्यंतच्या वाकल्या. सहा-सातच्या उभ्या.’ मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. नाना म्हणाले, ‘एकदा कशानंबी होतं.’ पुढच्या रांगेत पुन्हा लावल्या, पुन्हा पाच रेघांपर्यंतच वाकल्या. तिसऱ्यांदा आम्ही तिघंही झाकणाशी होतो. नानांनी उजवा डोळा झाकला, वाकले आणि तसेच वाकून राहिले. आता दिसत नसेल, असं वाटून मी त्यांच्या हातातलं झाकण धरायला पुढे झाले. मग ते म्हणाले, ‘झालं,’ आणि त्यांचा शब्द पुरा होतो न होतो तोच सोमनाथ हळू आवाजात म्हणाला, ‘नाना, पाचाची आत्ता वाकली. माझ्या देखत.’ नानांनी तळहात खाली घेतला, चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, ‘आता काढा ह्यो डोळा.’ मी पुष्कळ शिकलेली, पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. त्या क्षणी जेवढी लहान झाले तेवढी कुणापुढे झाले नाही.

शेंगांनी आणखी एक गोष्ट उघडी पाडली. तळाची शेंग नेहमी उशिरा वाकायची. नानांच्या डोळ्यालाही जे नीट दिसलं नव्हतं ते शेंगेनं दाखवलं, याचा त्यांना कोण आनंद. त्यांनी खालच्या थरांत विटांमधलं अंतर बोटभर वाढवलं, वरच्या थरांत तेवढंच कमी केलं. तेव्हापासून आमच्या भट्टीत खंगर शोधून सापडत नाही. पुढच्या दोन हंगामांत नाना यायचे ते नुसते बसायला. सोमनाथनं लाडानं हाक मारली, ‘नाना, एकदा पाहा ना,’ तर ते मुद्दाम आगीकडे पाठ करून खुर्ची वळवायचे. ‘शेंगंला इचार.’ मला तो म्हाताऱ्याचा हेकेखोरपणा वाटायचा.

नाना गेले त्या दिवशी ज्या वळणावर आग होती, तिथल्या विटा निवायला दहा-बारा दिवस लागले. दहावा उरकून मी परत आले, त्यानंतर तो भाग उघडला. वळण ही भट्टीतली सगळ्यात अवघड जागा. हवा तिथे दिशा बदलते आणि काही बिघडायचं तर तिथेच बिघडतं. मी स्वतः आत उतरले. वरच्या थरातल्या विटा आपटून पाहिल्या, मधल्या पाहिल्या, गुडघ्यांवर बसून तळाच्या पाहिल्या, कोपऱ्यातल्या, भिंतीला लागलेल्या. सगळ्यांचा रंग एक, आवाज एक. तरी मी एकेक काढतच राहिले. माणसं खोळंबली. शेवटी सोमनाथनं विचारलं, ‘ताई, काय शोधताय?’

मी खरं ते सांगितलं. ‘एखादी कच्ची आहे का बघतेय.’

ज्या दिवशी नाना या जगात नव्हते त्या दिवशीची एक तरी वीट बिघडलेली निघावी, असं मला मनापासून वाटत होतं. सोमनाथला ते समजलं असावं. त्यानं माझ्या हातातल्या दोन विटा घेतल्या, गाड्यावर ठेवल्या आणि म्हणाला, ‘नाय निघायची, ताई.’ मी तिथेच उबदार विटांवर बसले, आणि पेठ रोडला त्यांच्या पायाशी बसून जे आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं.