काढू का?

बिल्ड लावला, म्हणजे लिहिलेला कोड जुळवून तयार करायला कॉम्प्युटरला दिला, की हात रिकामे आणि तोंडं मोकळी! आमच्या ऑफिसात किस्से साचले ते त्यामुळेच. जुळे सोलापूर भागात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं: मालक नाना, मैंदर्गीचा रेवण, सुनंदा आणि मी. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारं यंत्र आम्ही बनवतो. त्या यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचे ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. ही सगळी छोटी छोटी मॉड्यूलं, एक दुसऱ्याच्या जिवावर उभं. खालचं हललं की वरचं पडलंच!

*

हे आम्हाला नीट कळलं ते एका टॉवेलच्या कारखान्यात. सुनंदा डेमो द्यायला गेली होती. आदल्या संध्याकाळी रेवणनं सगळ्यांत खालच्या, पायाच्या मॉड्यूलमधलं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, "ह्ये कोण वापरत न्हाय" म्हणून उडवलं आणि नवं मॉड्यूल यंत्रात घातलं. ते फंक्शन वापरत होता एकटा सुनंदाचा ड्रायव्हर! तिथं तो लोडच होईना. कारखानदारांनी बराच वेळ वाट पाहिली, मग शांतपणे विचारलं, "मॅडम, ह्ये मशीन माग थांबवतंय, का आमालाच?"

ऑर्डर गेली. रेवणनं माफी मागितली. सुनंदा "ठीक आहे" म्हणाली आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणंच बंद केलं.

*

मग नानांनी नियम काढला. "कायबी काढायच्या आदी उभं ऱ्हायचं आन मोठ्यांदा इचारायचं, काढू का? कुणीबी थांबा म्हटलं की हात मागं!"

नियमाची सवय लागली ती लागलीच. एकदा नाना स्वतःच भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवायला उठले. "काढू का?"

"थांबा!" आम्ही तिघंही ओरडलो. त्याच्यामागं भिंतीला पडलेलं भगदाड मालक सोडून सगळ्यांना माहीत होतं!

*

पुढं एक नवीनच पेच झाला. सुनंदाचा ड्रायव्हर रेवणच्या ड्रायव्हरला हाक मारायचा आणि रेवणचा सुनंदाच्याला. आधी कोण लोड होणार? दोन्ही अडून बसले. दोघं समोरासमोर बसले असते तर चहा संपेपर्यंत सुटलं असतं. पण त्यांच्या खुर्च्या पाठीला पाठ, आणि निरोप्या मी! "त्याला सांग." "तिला म्हणावं."

नाना म्हणाले, "कोडबी तुमच्यावानीच झालाय की!"

शेवटी दोघांना लागणारा भाग बाहेर काढून मी तिसरं मॉड्यूल केलं. दोन्ही ड्रायव्हर त्याच्यावर गुण्यागोविंदानं चालू लागले. माणसांचं तसं करता येईना, याचं मला फार वाईट वाटायचं.

*

आणि मग रेवणला बंगळूरची नोकरी लागली. जायचं त्याच्या मनात नव्हतं. खाली चहा पिताना मला म्हणाला, "हितं कुणाचं अडालंय रे माज्यावाचून? एकानं जरी ऱ्हा म्हटलं असतं, तर ऱ्हायलो असतो की."

"मग मी म्हणतो, राहा."

"तू तर सगळ्यांनाच म्हणतोस!"

वर येऊन त्यानं नानांना सांगितलं.  नाना खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि नियमाप्रमाणे मोठ्यांदा म्हणाले, "रेवणला काढू का?"

बिल्ड चालू होता. रेवण खाली मान घालून उभा. मी सुनंदाकडे पाहिलं.

सुनंदानं स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"थांबा," ती म्हणाली.