प्रल्हादचं बातमीपत्र

प्रल्हाद गेल्याचं मला आमच्या दहावीच्या ग्रुपवर कळलं. सकाळी कचेरीत नुकताच येऊन बसलो होतो. जळगावच्या शाळेतून आम्ही एकत्र बाहेर पडलो त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. ग्रुपवर एरवी वाढदिवसाचे केक आणि सुप्रभात यांपलीकडे काही येत नाही. अशोकने लिहिलं होतं, ‘आपला प्रल्हाद पाटील आज पहाटे आपल्याला सोडून गेला. धुळ्याला, राहत्या घरी. हार्ट अटॅक.’ मी ते दोनदा वाचलं. मग खाली एकेक निरोप येऊ लागले... वर्षानुवर्षं गप्प असलेलेही बोलायला लागले. पुण्याहून, सुरतेहून, एक तर थेट कॅनडाहून. हात जोडल्याचं चित्र टाकून कोणी थांबत नव्हतं, प्रत्येकाला त्याची एक तरी आठवण सांगायची होती. आणि त्याचा सगळ्यांत जुना मित्र म्हणवणारा मी खुर्चीत बसून काय विचार करत होतो? मी गेलो तर यातले किती जण लिहितील... हे सांगताना लाज वाटते. पण प्रल्हादविषयी लिहायचं आणि हेव्याविषयी लिहायचं नाही, हे मला जमत नाही. दीड महिना प्रयत्न करून पाहिला.

प्रल्हाद मूळचा मुक्ताईनगरकडचा. गावाला केळीची थोडी शेती. शिकायला म्हणून आठवीत तो मेहरूणला मामाकडे येऊन राहिला आणि माझ्या बाकावर बसला. मी वर्गात पहिला येत असे. पहिला म्हणजे पहिलाच, पाचवीपासून कोणी जवळ फिरकलं नव्हतं. प्रल्हाद कुठेतरी मधल्या घोळक्यात. तरी मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती, माझ्याकडे फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी. त्याचं कारण त्याचा आवाज. भारदस्त नव्हता तो, पण ऐकणाऱ्याला वाटायचं की हा आपल्या एकट्याशीच बोलतोय. प्रार्थनेनंतर वर्तमानपत्रातले ठळक मथळे वाचायचं काम माझं होतं. एकदा माझा घसा बसला म्हणून सरांनी ते त्याला दिलं, आणि घसा बरा झाला तरी ते माझ्याकडे परत आलं नाही. कोणी मुद्दाम काढून घेतलं नव्हतं. सगळेच विसरले की ते कधी माझं होतं. हेव्याची सुरुवात तिथली असावी.

दहावीचा निरोप समारंभ शाळेच्या वरच्या सभागृहात झाला. एकेकाने उभं राहून पुढे कोण होणार ते सांगायचं, असं वर्गशिक्षकांनी ठरवलं होतं. मी ‘कलेक्टर’ म्हणालो. टाळ्या झाल्या, जशा व्हायला हव्यात तशा. प्रल्हाद म्हणाला, “मले रेडिओवर बातम्या द्यायच्या आहेत.” मागून कोणीतरी ओरडलं, “मग दे ना आत्ताच!” तो पुढे आला, टेबलावरचा फुलदाणीतला गुच्छ माइकसारखा धरला आणि पंचवीस वर्षांनंतरच्या बातम्या सांगायला लागला. कागद नाही, तयारी नाही. वर्गातल्या प्रत्येकाची एकेक बातमी. अशोकचे वडील कापडाचे व्यापारी, तर अशोकशेठनी चंद्रावर पहिलं साड्यांचं दुकान उघडलं आणि तिथेही भाव कमी केला नाही. सुनंदा महाजन ही आमच्या वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी, हजेरीलाही तिचा आवाज ऐकू येत नसे. ‘आमदार सुनंदाताई आज सभागृहात इतक्या मोठ्याने बोलल्या, की अध्यक्षांनी कानात कापूस घातला.’ सुनंदा तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग माझी पाळी. ‘जळगावचे कलेक्टर वसंत चौधरी यांनी आज मेहरूण तलावाची पाहणी केली. पाहणी करतानाही ते पुस्तकच वाचत असल्यामुळे तलावात पडले. ताज्या माहितीनुसार... तलाव सुखरूप आहे.’

सगळं सभागृह हसत सुटलं. शिक्षकही. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. त्या वर्षी मी शाळेत पहिला आलो, बोर्डावर माझं नाव रंगवलं गेलं. आज वर्गातल्या कोणालाही माझे टक्के विचारा, आठवणार नाहीत. ‘तलाव सुखरूप आहे’ मात्र सगळ्यांना पाठ.

यानंतरची गोष्ट मी चाळीस वर्षांत कोणालाही सांगितली नव्हती. दहावीनंतर वडील आजारी पडले म्हणून प्रल्हाद गावी परतला, तिकडेच बारावी केली. जळगावला रेडिओ केंद्रावर निवेदक हवे होते, त्याने अर्ज टाकला. गावात पोस्टमन दोन-चार दिवसांआड यायचा, म्हणून पत्ता माझ्या घरचा दिला. त्याच सुमारास माझा बारावीचा निकाल लागला होता. ज्याची सवय होती तसा नव्हता... इंजिनियरिंग हुकलं. घरात वडील माझ्याशी बोलत नव्हते. अशा एका सोमवारी प्रल्हादच्या नावाचं लांबट पाकीट आलं. मी ते उघडलं नाही, पण उजेडासमोर धरलं. आवाजाची चाचणी, गुरुवारी सकाळी. मी ते पाकीट भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. मंगळवारी वाटलं, उद्या जाऊन देऊ. बुधवारी घरातून निघालो आणि चौकातून परत आलो. गुरुवारी दिवसभर झोपून राहिलो. शनिवारी बस धरून त्याच्या गावी गेलो आणि शेताच्या बांधावर ते त्याच्या हातात दिलं. “कालच आलं,” म्हणालो.

त्याने पत्र वाचलं. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे नाही, केळीच्या बागेकडे बघत म्हणाला, “जाऊ दे. तू येवढ्या उन्हाचा आला, पहिले जेवून घे.” त्याच्या आईने मला आग्रह करकरून वाढलं. प्रत्येक घास मी पाण्याबरोबर खाली ढकलला.

पुढे तो एस.टी.त कंडक्टर लागला, आणि काही वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर झाला. गाड्यांची घोषणा करणारा. मी जळगावात कलेक्टर कचेरीत पोहोचलो खरा, पण कारकुनाच्या टेबलाशी, आणि आता कुठे नायब तहसीलदारापर्यंत आलो आहे. मला वाटलं होतं आता तरी मन निवेल. तो बसस्टँडवर, मी कचेरीत, यात त्याचा हेवा वाटण्यासारखं काय होतं? पण धुळ्याला गाडीतून उतरलं की त्याचा आवाज कानावर यायचा. “साक्री, पिंपळनेरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी घाई करू नये, गाडी पाच मिनिटं थांबणार आहे. आजीबाई, तुम्ही सावकाश चढा.” आजीबाई वळून बघायच्या, की आपल्याला कोण बोललं! लोक गाडी चुकली तरी चिडायचे नाहीत. मी तीस वर्षं लोकांची कामं करतोय, माझ्या टेबलासमोरून कोणी हसत गेलेलं मला आठवत नाही.

एकदा माझे वडील हरवले. त्यांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. चाळीसगावला बहिणीकडे जायला म्हणून निघाले ते भलत्याच गाडीत बसून धुळ्याला उतरले. फलाटावर फिरताना प्रल्हादने त्यांना ओळखलं. केबिनमध्ये बसवलं, डब्यातली भाजी-भाकरी खाऊ घातली, मला फोन केला आणि मी पोहोचेपर्यंत तीन तास घोषणांच्या मधून-मधून त्यांच्याशी गप्पा मारल्या. मी गेलो तेव्हा आबा खदखदून हसत होते. माझ्याबरोबर ते असे हसल्याचं मला लहानपणापासून आठवत नव्हतं. परतीच्या गाडीत म्हणाले, “त्या पोराने नाव काढलं हो.” शेवटच्या वर्षी त्यांना कोणाचीच नावं आठवेनात. एके दुपारी मी औषध द्यायला गेलो तर माझा हात धरून म्हणाले, “प्रल्हाद, आलास?” मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ‘हो आबा’ म्हणालो. त्यांनी गोळी गुपचूप घेतली.

मागे वर्गाचं स्नेहसंमेलन झालं, तेव्हाही सगळ्यांनी त्या बातमीपत्राचाच विषय काढला. चंद्रावर जायचं राहिलं आणि अशोक वडिलांच्याच गल्ल्यावर बसला. सुनंदा आमदार झाली नाही, पण गावची सरपंच झाली. ती उठून म्हणाली, “पहिल्या ग्रामसभेत बोलायला उठले आणि परत खाली बसले. तेव्हा प्रल्हादचं आठवलं, म्हटलं अध्यक्षांच्या कानात कापूस जाईपर्यंत बोलायचं.” आणि बोलता बोलता रडली. प्रल्हाद खाली बघत पायाने सतरंजी सारखी करत होता. कोणालातरी भविष्य देता येतं, आणि ते त्या माणसाच्या उपयोगीही पडतं, हे मी तेव्हा पाहिलं. मी माझ्या मित्राला काय दिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सुनावणीसाठी धुळ्याला गेलो होतो. काम लवकर संपलं. त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो आणि मनाशी ठरवण्याआधीच बोलून गेलो, “प्रल्हाद, ते पत्र शुक्रवारी नव्हतं आलं. सोमवारीच आलं होतं.”

त्याने बोट वर केलं. “थांब, चोपडा लागली.” माइकचं बटण दाबून चोपड्याची गाडी पुकारली, दोन फलाटांमधून धावणाऱ्या कोणाला तरी थांबवलं, बटण सोडलं. “माहीत आहे मले. पाकिटावर जळगाव पोस्टाचा शिक्का होता ना सोमवारचा.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तुझं तोंड पाह्यलं होतं मी. माझ्यापेक्षा तूच जास्त नापास झालेला दिसत होता.” मग तो हसला. “आणि तू काय समजून राह्यला, माझं रेडिओचं तू घालवलं? अरे, पुढच्या वर्षी मले पुन्हा बोलावलं होतं. गेलो की मी. साहेब म्हणाले, आवाज चांगला आहे, पण तुम्ही जळगावला जयगाव म्हणता आणि केळीला केयी. आमच्या तिकडे सगळेच तसं म्हणतात. दोन ओळीत संपलो.”

इतकी वर्षं मी मनात एक गोष्ट बाळगून होतो, की या माणसाचं आयुष्य मी बिघडवलं. वाईट होती, पण त्याच्या आयुष्यातली ती एक मोठी जागा माझी होती. त्याने तीही हसत हसत काढून घेतली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आधी राग आला. डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. तो तोवर पिंपळनेरची गाडी पुकारत होता, आणि ‘ळ’ आता असा स्वच्छ म्हणत होता, की सात फलाटांवर तो प्रत्येक प्रवाशाला ऐकू जावा.

ती आमची शेवटची भेट. अंत्ययात्रेला मी पोहोचलो तेव्हा गल्ली भरून गेली होती. खाकी कपड्यातले ड्रायव्हर, रिक्षावाले, स्टँडबाहेर पेरू विकणाऱ्या बायका. ओळख सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येईना. “तुम्ही कोण त्यांचे?” एका रिक्षावाल्याने विचारलं. “वर्गमित्र,” म्हणालो. तो म्हणाला, “नशीबवान हो तुम्ही.” त्याला प्रल्हाद फक्त आवाजाने माहीत होता, आणि तो माझा हेवा करत होता! असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं, तेही प्रल्हादमुळे.

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोला, मंगलावहिनींना, भेटायला धुळ्याला जाऊन आलो. मी विषय काढायच्या आत त्याच म्हणाल्या, “रेडिओच्या दुसऱ्या चाचणीच्या वेळी आमचं नवंनवं लग्न झालेलं, मी बाहेर बाकावर बसले होते. हे बाहेर आले ते हसतच, म्हणाले, ‘चाल, भरीत खाऊ.’ घरी आल्यावर मात्र महिनाभर आरशासमोर उभे राहून एकेक शब्द घोटत होते.” मला हे ठाऊक नव्हतं. त्यालाही काही मिळवायला झगडावं लागलं असेल, असं इतक्या वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्यांनी चहा आणला. मी कप घेऊन खुर्चीकडे वळलो, तशी माझी नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तिच्या कठड्यावर, पांढऱ्या रंगावर, कपाच्या बुडाचा एक तपकिरी गोल होता. एकावर एक बसत गेलेला, जाड. वहिनींनी माझी नजर पाहिली. “ड्युटीची सवय, भाऊ. घरीसुद्धा कधी बसून चहा घेतला नाही. तिथे उभे राहायचे, रस्त्याकडे बघत. दोनदा रंग दिला घराला, दोनदा पुन्हा उमटला.” मग हलकेच आपल्या बोलीत म्हणाल्या, “बठ्ठा घरमा हाईच एक जागा व्हती त्यासनी.” सगळ्या घरात त्याची म्हणून हीच एवढी जागा. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. त्यांनी सगळा ओटा पुसला, कठडाही पुसला, आणि त्या गोलापाशी येऊन हात थांबवला.

माझ्या घरात माझा असा एखादा डाग असेल का, हे मनात आलंच. नाही म्हणत नाही. मी खुर्चीवर बसलो नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिलो, रस्त्याकडे बघत चहा प्यालो. मग रिकामा कप कठड्यावर ठेवताना हात किंचित बाजूला घेतला... त्याच्या गोलावर नाही, शेजारी ठेवला.