ताईंचं ‘काय दिसलं?’

तुम्हाला वाटत असेल, आता हा लिहिणार की फोन वाजला, काळजात चर्र झालं, हातातला चहाचा कप खाली पडला. तसलं काही झालं नाही. विजयाताई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी बेडूक होतो. लहान गटाच्या वर्गात हात-पाय टेकून डराव डराव करत होतो, पोरं मागे उड्या मारत होती आणि दारात कुंदाताई येऊन उभ्या राहिल्या. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. बेडकाचा माणूस व्हायच्या आधीच मला कळलं... त्यांचा हात भिंतीला टेकलेला होता.

ही हाताची काय भानगड, ते सांगतो. मी सायखेड्याचा. शाळेत अभ्यास सोडून सगळ्या मास्तरांचे आवाज काढायचो. नाशिकला या बालवाडीत नोकरी मागायला आलो तेव्हा मुख्याध्यापिका विजयाताईंनी विचारलं, "काय येतं तुला?" म्हटलं, "ताई, नकला लय भारी येतात." दुसऱ्या कुणी हाकललं असतं. त्या म्हणाल्या, "मग शनिवारी थांब." शनिवारी पोरं घरी गेली की आम्हा शिक्षकांची बैठक असायची. आम्ही सगळे पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. ताई खिडकीजवळच्या लाल खुर्चीत. आठवड्यात जे पोर कुणाला जड गेलं, ते मी व्हायचं आणि बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मग ताईंचा एकच प्रश्न, "काय दिसलं?" एकदा मी रेवा झालो, चावणारी रेवा. एक नवी शिक्षिका म्हणाली, "हट्टी आहे ती." ताई म्हणाल्या, "हट्ट कुठं दिसला? बोट ठेवून दाखव बरं." पुन्हा केलं, पुन्हा केलं... शेवटी कुंदाताई म्हणाल्या, "चावायच्या आधी ती दाराकडं बघतेय." सकाळी तिला पोचवून आई ज्या दारातून जायची, त्या दारात कुणी आडवं उभं राहिलं की रेवा चावायची. सोमवारपासून आम्ही दारातून बाजूला झालो, चावणं कमी झालं. ताई अशा शिकवायच्या. म्हणजे शिकवायच्याच नाहीत.

पण उन्हाळ्यानंतर काहीतरी बिनसत चाललं होतं. ताई वरच्या मजल्यावर येईनाशा झाल्या. कपाटाची किल्ली कुंदाताईंच्या हातात दिली, "तुझ्याकडंच असू दे." बडबडगीत सुरू करायच्या आणि अर्ध्यातच पोरांवर सोपवायच्या. पोरांना गंमत वाटायची. आम्हालाही... आणि एका शनिवारी म्हणाल्या, "गण्या, आज पोर नको. आज मी हो." मी काय सोडतोय होय! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खोटा पदर खोचला आणि लागलो जिना चढायला. सगळे हसून हसून लोळले. मधल्याच पायरीवर माझं पाऊल थांबलं, हात भिंतीला टेकला, तोंड उघडं राहिलं आणि श्वास आत जाईना. हे मी ठरवलं नव्हतं. रोज बघून बघून अंगात शिरलं होतं. हसू विझलं. ताईंनी विचारलं, "काय दिसलं?" कुंदाताई खाली मान घालून म्हणाल्या, "ताई... हात भिंतीला टेकलाय."

"बरोबर. डॉक्टरांनाही तेच दिसलंय," ताई म्हणाल्या, जणू रेवाबद्दलच चाललंय. "आता बघता येतं तुम्हाला. चला, पुढचं पोर कुणाचं?"

त्यानंतर जिन्याची ती भिंत मला नको वाटायला लागली. ताईंच्या हाताचा तिथं मळकट डाग पडला होता. आधी वरच्या पायरीशी, मग मधे, मग पार खाली... मी पोरांना घेऊन चढायचो तेव्हा दुसऱ्या बाजूनं चढायचो.

संस्थेच्या सचिवांना आमची बैठक आधीपासूनच खुपत होती. "ट्रेनिंगचे व्हिडिओ मिळतात हो, घरी बसून बघा." ताई होत्या तोवर त्यांचं चाललं नाही. ताई गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी ते स्वतः येऊन बसले, बैठक चालू ठेवायची की नाही ते ठरवायला. कुंदाताईंच्या वर्गात पेठ तालुक्यातून नवीन आलेला सोमा शाळेत तोंडच उघडत नव्हता, त्याच्याकडं बघायचं ठरलं होतं. पण ती लाल खुर्ची रिकामी... मला बघवेना. जाऊन बसलो आणि ताईंच्या आवाजात म्हणालो, "काय दिसलं?" हुबेहूब! बायका हसल्या, मग रडल्या. मग मी थांबतो कशाला? ताई फोनवर, ताई डबा उघडताना, सगळं केलं. सचिवांनी टाळ्या वाजवल्या. "वा! याचाच व्हिडिओ काढू. नव्या शिक्षकांना दाखवला की झालं, मग दर शनिवारी थांबायलाच नको." पुढच्या शनिवारी कॅमेरावाला घेऊन येतो म्हणाले आणि गेले.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत कुंदाताई थांबल्या.

"ऊठ आधी त्या खुर्चीतून."

उठलो.

"ताई कधी एवढं बोलल्या रे? सगळी बैठक तूच खाल्लीस. माझा सोमा राहिला ना! आठवडाभर पोरगं याच खुर्चीखाली जाऊन बसतंय, आणि तू वर बसून खेळ करतोयस."

म्हटलं, "कुंदाताई, मला वाटलं, ताईंचा आवाज तरी राहील..."

"आवाज काय चाटायचाय? त्यांना दिसायचं, गण्या! आता ऐक. पुढच्या शनिवारी तो माणूस कॅमेरा लावून बसला ना, तू सोमा व्हायचंस. खुर्चीखाली, गप्प. बैठक संपेपर्यंत गप्प, आम्ही बघू. काढू दे त्याला काय काढायचंय ते, गप्प पोराचा व्हिडिओ दाखवून काय शिकवणार तो? आणि येताना ते तोंड सायखेड्याला ठेवून ये. डोळे तेवढे घेऊन ये."